स्नायपर्सचं वाचतोस ना, मग आकडा जरा बाजूला ठेव

या वेळचं पत्र वीस वर्षांच्या एका मुलाचं आहे, खाली सही 'निशाणेबाज'. म्हणतो, "मावशी, गेम खेळता खेळता मला स्नायपर्सचं वेड लागलं. रोज रात्री त्यांचे रील्स बघतो, कोणी किती मारले, कोणाचा शॉट किती लांबचा, सगळं पाठ झालंय. पण आता नीट वाचायचंय, तर टॉप टेन यादी द्या. दुसरं म्हणजे आई म्हणते लपून बसून माणसं मारणाऱ्यांचं कसलं आलंय कौतुक, तिला काय सांगू ते कळत नाही. आणि तिसरं, स्टालिनग्राडमधलं सोव्हिएत स्नायपर झाइत्सेव आणि त्या जर्मन मेजरचं द्वंद्व खरं की रचलेलं, यावर मित्राशी पैज लागलीय, मी म्हणतो रचलेलं. निकाल तुम्ही द्या."

अरे निशाणेबाजा, मला इथे नोकरी सोडू का, मैत्रीण बोलत नाही, भावाने उसने घेतलेले पैसे परत दिले नाहीत असली पत्रं येतात, त्यामुळे तुझं पत्र वाचून मी खुर्चीत सरळच बसले. या विषयावर मी बरंच वाचलंय, घरातले चेष्टा करतात त्यावरून, पण कोणी विचारत नव्हतं. आज विचारलंस, तर आता ऐकून घे.

टॉप टेन देणार नाही. तुला ती पाठच आहे, आणि तीच अडचण आहे. रीलमध्ये माणसाच्या डोक्यावर आकडा फिरतो, ५००, ३०९, २२५, आणि आपण पुढच्या माणसाकडे जातो, जसं काही हा स्कोअरबोर्ड आहे. पण तो आकडा मोजला कोणी? बहुतेक सैन्यांत 'कन्फर्म्ड' म्हणायला साक्षीदार लागायचा, शेजारी बसून दुर्बिणीतून निशाणा बघून सांगणारा स्पॉटर किंवा एखादा अधिकारी, पण नियम प्रत्येक सैन्याचे वेगळे, युद्धाप्रमाणे बदलणारे, आणि ज्या सरकारला पेपरात छापायला हिरो हवा असतो ते सरकार मोजताना हात आखडता घेत नाही. म्हणून पहिल्या महायुद्धातला एक आणि व्हिएतनाममधला एक असे दोन आकडे शेजारी ठेवून कोण मोठा ठरवणं म्हणजे नुसता टाइमपास. माझं म्हणणं एवढंच की गोळी सुटायच्या आधी तो माणूस काय करत होता आणि युद्ध संपल्यावर त्याचं काय झालं, हे दोन प्रश्न घेऊन वाचायला बस.

सुरुवात सिमो हायहापासून कर, तो तुझ्या यादीत पहिला असणारच. फिनलंडचा शेतकरी, शिकारी, उंची जेमतेम पाच फूट तीन इंच. ३० नोव्हेंबर १९३९ ला सोव्हिएत फौजा फिनलंडमध्ये घुसल्या आणि हा कोल्ला नदीच्या आघाडीवर गेला. आकडा पाचशेच्या वर सांगतात, कुठे ५०५ कुठे ५४२, म्हणजे बघ, पहिल्या नंबरच्या माणसाचा आकडाही एक नाही. ते सोड. त्याच्या रायफलला स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, नव्हता ही खरी वाचण्यासारखी गोष्ट. मिळाला नाही म्हणून नाही हं, त्याला नकोच होता. स्कोपमधून बघायचं तर डोकं थोडं वर काढावं लागतं, आणि तेवढं डोकं समोरच्या स्नायपरला पुरतं. शिवाय त्या थंडीत काच धुरकट होते, ऊन पडलं की चमकते. म्हणून साध्या लोखंडी साइटवर काम. नळीपुढचा बर्फ आधीच दाबून घट्ट करून ठेवायचा, म्हणजे बार झाला की भुगा उडून जागा कळत नाही, आणि तोंडात बर्फ धरायचा, श्वासाची वाफ दिसू नये म्हणून. उणे वीस, उणे तीस, कधी त्याहून खाली, आणि हा माणूस तोंडात बर्फ धरून तासन्‌तास पडून. गेममध्ये हे बटण नसतं रे.

६ मार्च १९४० ला त्याच्या जबड्यावर गोळी लागली, स्फोटक गोळी, चेहऱ्याची डावी बाजू गेली. बेशुद्ध पडला तो शुद्धीवर आला १३ मार्चला, त्याच दिवशी तह लागू होऊन युद्ध थांबलं होतं. कॉर्पोरलचा थेट सेकंड लेफ्टनंट केला त्याला. नंतर काय? शेती, शिकार, कुत्री पाळणं. वेडावाकडा झालेला चेहरा घेऊन ९६ वर्षांपर्यंत जगला, २००२ मध्ये गेला, आणि एवढं चांगलं कसं जमलं असं कोणी विचारलं तर म्हणायचा, सराव. बस. इतक्या कमी बोलणाऱ्या माणसावर इतके बडबडे व्हिडिओ निघालेत याची मला गंमत वाटते.

मग ल्युडमिला पावलिचेंको वाच, आणि ही सावकाश वाच. कीव विद्यापीठात इतिहास शिकणारी पोरगी, शूटिंग क्लबमध्ये नेम धरायला शिकलेली. १९४१ मध्ये जर्मन आले तेव्हा भरती व्हायला गेली तर नर्स हो म्हणाले, हिने रायफलच मागितली. ओडेसा, मग सेव्हास्टोपोल, नावावर ३०९, त्यात ३६ शत्रूचे स्नायपर असं सोव्हिएत नोंद सांगते. काही इतिहासकार या आकड्यावर शंका घेतात आणि ती घ्यायला जागा आहे, पण लढली, जखमी झाली याबद्दल वाद नाही. जून १९४२ मध्ये तोफगोळ्याने जखमी झाल्यावर तिला पाणबुडीतून बाहेर काढलं आणि त्याच वर्षी अमेरिकेला पाठवलं, युरोपात दुसरी आघाडी उघडा म्हणून तिथल्या लोकांना पटवायला. व्हाइट हाउसमध्येही तिला बोलावलं होतं. आणि तिथले पत्रकार तिला काय विचारतात? आघाडीवर मेकअप चालतो का, आणि युनिफॉर्मचा स्कर्ट जरा जास्तच लांब नाही का, त्यात जाड दिसतेस. पहिले काही दिवस बिचारी ऐकत राहिली, मग शिकागोच्या सभेत म्हणाली की सद्गृहस्थहो, मी पंचवीस वर्षांची आहे, ३०९ फॅसिस्ट मारलेत, तुम्ही जरा जास्तच दिवस माझ्या पाठीमागे लपताय असं नाही वाटत? सभा आधी गप्प आणि मग टाळ्यांचा कडकडाट.

तिची आणि एलिनॉर रूझवेल्टची दोस्ती मला त्या सगळ्या आकड्यांपेक्षा आवडते. राष्ट्राध्यक्षांच्या बायकोने तिला सोबत घेऊन अमेरिकेत फिरवलं, आणि पुढे शीतयुद्ध ऐन भरात असताना, १९५७ मध्ये, एलिनॉर मॉस्कोला गेली तेव्हा तिला हुडकून भेटली. युद्धानंतर ल्युडमिलाने राहिलेली डिग्री पूर्ण केली आणि सोव्हिएत नौदलासाठी इतिहासाचं काम केलं. १९७४ मध्ये गेली, अठ्ठावन्न वर्षांची. तिने स्वतःच्या आठवणी लिहिल्यात, मिळाल्या तर वाच, फक्त हे लक्षात ठेव की सोव्हिएत काळातलं आत्मचरित्र आहे, कात्री आणि रंगरंगोटी दोन्ही गृहीत धरायची.

आता दोघं असे, जे रीलवाल्यांना फारसे माहीत नसतात. फ्रान्सिस पेगामागाबो, कॅनडाचा, ओजिब्वे जमातीचा. पहिल्या महायुद्धात जवळजवळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत, विषारी वायूचा हल्ला झाला त्या ईप्रमध्येही होता आणि पाशनडेलच्या चिखलातही. नावावर ३७८, शिवाय तीनशेच्या आसपास कैदी पकडले म्हणतात. मिलिटरी मेडल एकदा नाही, तीनदा. घरी परत आला आणि मग कळलं की युद्धात बरोबरीचा असलेला माणूस घरी सरकारच्या लेखी पुन्हा 'इंडियन', म्हणजे तिथला आदिवासी, आहे, प्रत्येक गोष्टीत सरकारी एजंटचं डोकं मध्ये. जमातीचा प्रमुख झाला आणि उरलेलं आयुष्य त्या एजंटांशी भांडण्यात घालवलं. १९५२ मध्ये गेला, पुतळा उभा राहिला २०१६ मध्ये. मला विचारशील तर त्याची मोठी लढाई फ्रान्स-बेल्जियममध्ये झालीच नाही.

दुसरा बिली सिंग. आडनाव बघून पंजाबी समजू नकोस, मीही आधी समजले होते, वडील चिनी, आई इंग्रज, आणि हा ऑस्ट्रेलियाचा, कांगारूंची शिकार करणारा. १९१५ मध्ये तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या टेकड्यांवर अधिकृत १५०. त्या काळच्या ऑस्ट्रेलियन सैन्यात युरोपियन वंशाच्या नसलेल्या माणसाला घेतच नव्हते, हा कसाबसा आत गेला आणि सगळ्यांत नाव काढलं. १९४३ मध्ये ब्रिस्बेनमधल्या एका भाड्याच्या खोलीत एकटाच मेला, जवळ जवळ कफल्लक. 

व्हिएतनाम युद्धातला अमेरिकन कार्लोस हॅथकॉक तुला माहीत असेलच, टोपीत पांढरं पीस लावणारा, ९३ वाला. १९६७ मध्ये त्याने मशीनगनवर स्कोप बसवून २,२८६ मीटरवरून मारलेला शॉट पस्तीस वर्षं रेकॉर्ड होता. बरोबर, पण १६ सप्टेंबर १९६९ चं वाचलंयस का? त्याची चिलखती गाडी सुरुंगावर गेली, आग लागली, आणि हा स्वतः भाजत असताना एकेक करत सात जणांना बाहेर ओढत राहिला. त्यानंतर तो पुन्हा कधीच स्नायपर म्हणून लढला नाही, अंगाची कातडीच तशी राहिली नव्हती, पण त्याने मरीन्सच्या स्नायपर शाळेत पोरं शिकवली, पुढे मल्टिपल स्क्लेरोसिसने गाठलं आणि १९९९ मध्ये गेला. त्या सात जणांसाठीचं सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक मिळालं १९९६ मध्ये, सत्तावीस वर्षांनी. हे मी मुद्दाम सांगतेय कारण कुठल्याही यादीत त्याच्या नावापुढे ९३ लिहितात, ७ कोणी लिहीत नाही.

लांब शॉट्सबद्दल फार लिहीत नाही, तुला पाठ आहेत. २०१७ मध्ये इराकमधला कॅनडाच्या सैनिकाचा ३,५४० मीटरचा घे, गोळी हवेत जवळजवळ दहा सेकंद होती, म्हणजे तू नेम धरून गोळी सोडलीस, एक वाक्य बोललास, आणि ती अजून पोचलेली नाही. मधल्या वाटेत वारा तीनदा बदलतो, पृथ्वी फिरते तिचाही हिशोब करावा लागतो, आणि हे सगळं गणित करणारा असतो शेजारचा स्पॉटर, ज्याचं नाव कोणाला माहीत नसतं. वाचताना स्पॉटर शोधत जा.

(हो, आणि 'स्नायपर' हा शब्द आला कुठून माहितीय? स्नाइप नावाचा पाणथळीतला एक छोटासा पक्षी असतो, वेडावाकडा उडतो, मारायला महाकठीण. अठराव्या शतकात हिंदुस्थानातले इंग्रज अधिकारी त्याची शिकार करायचे, आणि घरी पत्रांतून लिहायचे, त्यावरून शब्द रुळला.)

आता आईचं. तुला वाटतंय मी तुला एखादं चोख उत्तर देईन आणि तू ते तिच्या तोंडावर टाकशील. तसं काही नाही माझ्याकडे, कारण तुझी आई चूक नाहीये. ती जे म्हणते ते खुद्द सैनिकच म्हणायचे. पकडला गेलेला स्नायपर बऱ्याचदा कैदी म्हणून छावणीपर्यंत पोचायचाच नाही, तिथेच संपवायचे. आणि आपल्याच बाजूचे पायदळवालेही त्यांना फार जवळ करायचे नाहीत, कारण हा एक गोळी मारून सटकणार आणि मग समोरून तोफा पडणार त्या खंदकात बसलेल्यांवर. गोळी मारताना समोरच्याचा चेहरा दिसतो, हे तोफवाल्याच्या नशिबात नसतं. आईशी वाद घालू नकोस, तिला नाईक यशवंत घाडगेंचं वाचून दाखव.

१० जुलै १९४४, इटली, टायबर नदीचं वरचं खोरं, मराठा लाइट इन्फंट्री. घाडगेंच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि कमांडर, म्हणजे स्वतः घाडगे, सोडून सगळे ठार किंवा जखमी. घाडगे एकटे उरले आणि एकटेच त्या मशीनगनवर धावले, ग्रेनेड टाकून गन आणि चालवणारा संपवला, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. चौकी ताब्यात. आणि मग छातीत आणि पाठीत गोळ्या लागल्या, कोणाच्या? शत्रूच्या स्नायपर्सच्या. एकट्याने जिंकलेल्या त्याच चौकीत मेले, वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. आता बघ, त्या स्नायपरचं नाव कुठेतरी जर्मन वहीत असेल आणि त्यापुढे एक आकडा एकने वाढला असेल. तुझे रील्स त्या बाजूने बनतात, तुझी आई या बाजूने बघतेय.

त्याच रेजिमेंटचे नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५, इटलीतलीच सेनिओ नदी. काम काय, तर कंपनीचा रनर, निरोप पोचवणारा. त्यांची तुकडी काठावर जवळपास कापली गेली तेव्हा दोन जखमींना एकामागून एक खोल पाण्यातून, चढ चढून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणून पोचवलं, परत गेले, आणि तीन मशीनगन चौक्या बंद पाडल्या. मग बांधाच्या अगदी माथ्यावर उभं राहून मराठ्यांची आरोळी ठोकली आणि हात हलवून बाकीच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. जो माणूस डोकं वर काढत नाही तो स्नायपर, आणि हा माणूस मुद्दाम सगळ्यांना दिसेल असा उभा! जगले ते, १९८४ पर्यंत.

रामा राघोबा राणे यांचंही वाच, कारण त्यांच्या गोष्टीत गोळी झाडणं जवळजवळ नाहीच. एप्रिल १९४८, नौशेरा ते राजौरी रस्ता. बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर पलटणीचे, सेकंड लेफ्टनंट. पुढे रणगाडे जायचे तर रस्त्यातले सुरुंग काढायचे, पाडलेली झाडं हटवायची, उडवलेले मोऱ्या-पूल ओलांडायला वाट करायची. पहिल्याच दिवशी, ८ तारखेला, दोन माणसं गेली, पाच जखमी, त्यात हे स्वतः, मांडीत. तरी पुढचे दिवस थांबले नाहीत, एका रणगाड्याखाली सरपटत, त्याच्याच वेगाने पुढे सरकत सुरुंग काढत गेले. परमवीर चक्र त्यांना जिवंतपणी मिळालं.

आणि आईला एक नाव ठेव राखून, डेस्मंड डॉस. अमेरिकन सैन्यातला मेडिक, धर्माच्या श्रद्धेपायी बंदुकीला हात लावणार नाही म्हणाला, ट्रेनिंगमध्ये सगळ्यांनी छळला, हाकलून द्यायचा प्रयत्न केला. मे १९४५, ओकिनावातला एक उभा कडा, वर जपानी गोळीबार, बाकीचे मागे हटले आणि हा वरच राहिला, जखमींना दोरीने एकेक करून खाली सोडत. किती वाचवले? तो म्हणाला पन्नास असतील, बाकीचे म्हणाले शंभर, शेवटी मधला ७५ लिहिला. बघ, हाही आकडा अंदाजाचाच, पण इथे हिरो स्वतः कमी सांगतोय आणि बाकीचे वाढवतायत. हे मला फार आवडतं.

अजून एक नाव, यादीत बसत नाही तरी. विटोल्ड पिलेत्स्की, पोलंडचा घोडदळ अधिकारी, सप्टेंबर १९४० मध्ये ठरवून स्वतःला जर्मनांच्या हाती सापडू दिलं, कारण आउशविट्झ या नाझी छळछावणीच्या आत काय चाललंय ते बाहेर कळवायचं होतं. अडीच वर्षांहून जास्त आत राहिला, गुप्त संघटना बांधली, अहवाल बाहेर पाठवले, एप्रिल १९४३ मध्ये पळाला. नाझींच्या तावडीतून सुटलेल्या या माणसाला १९४८ मध्ये त्याच्याच देशातल्या कम्युनिस्ट सरकारने गोळी घातली, आणि नाव साफ व्हायला १९९० उजाडलं. याचं वाचायला बसशील तर सकाळी बस, रात्री झोप येणार नाही.

राहिली पैज. वासिली झाइत्सेव खरा, पॅसिफिक नौदलात कारकुनी करणारा उरलचा शिकारी पोरगा, स्टालिनग्राडमध्ये १० नोव्हेंबर ते १७ डिसेंबर १९४२ या काळात २२५, तेही नोंदलेलं. त्याने शिकवलेल्या नव्या स्नायपर्सना 'सशाची पिल्लं' म्हणायचे, कारण त्याच्या आडनावात ससा आहे. जानेवारी १९४३ मध्ये डोळ्यांना इजा झाली, दिसेनासं झालं, डॉक्टरांनी दृष्टी परत आणली आणि हा पुन्हा आघाडीवर. एवढं पक्कं. जर्मन मेजरशी द्वंद्व मात्र त्याने स्वतः आठवणींत लिहिलंय, सोव्हिएत प्रचारखात्याने उचलून धरलं, आणि जर्मन कागदपत्रांत त्या मेजरचा मागमूस नाही, बर्लिनहून खास पाठवलेला स्नायपर शाळेचा प्रमुख असा कोणी सापडलेला नाही. कुठल्यातरी जर्मन स्नायपरशी त्याची झटापट झाली असणार, स्टालिनग्राडमध्ये ती रोजच व्हायची, पण तो नावाजलेला मेजर, ते दिवसच्या दिवस चाललेलं बुद्धिबळ, त्याला पुरावा नाही. तर पैज तू जिंकलास, पण पूर्ण नाही, कारण यावर 'एनिमी ॲट द गेट्स' नावाचा पिक्चर आहे, पण त्या पिक्चरवाल्यांनी नाही रचलं, त्यांच्या आधी कित्येक वर्षं रचून तयार होतं.

झाइत्सेव १५ डिसेंबर १९९१ ला कीवमध्ये गेला, आणि ज्या देशासाठी लढला तो देश पुढच्या अकरा दिवसांत संपला. स्टालिनग्राडच्या मातीत पुरा अशी त्याची इच्छा होती, ती २००६ मध्ये पुरी झाली, ममायेव कुर्गानच्या टेकडीवर. पैजेची वसुली करताना मित्राला एवढं तरी सांग. आणि पैज कसली लावलीयत ते लिहिलं नाहीस, पुढच्या पत्रात कळव.

तुझी मावशी